चुनखडक आणि संगमरवर : एकाच द्रव्याचे दोन अवतार

महाराष्ट्रातील शहरी घरांच्या जमिनी पाहिल्या, तर गेल्या शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास पायाखाली सापडतो. वाड्यांच्या व चाळींच्या खोल्यांत करडी शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा, जिन्याला आणि गच्चीला हिरवट कोटा, आणि चार पैसे हाती आल्यावर दिवाणखान्यात पांढरा मार्बल. गंमत अशी, की यांपैकी एकही दगड सह्याद्रीचा नाही. आपला बहुतेक महाराष्ट्र लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसॉल्टवर उभा आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातून येते, कडप्पा आंध्र प्रदेशातून, कोटा आणि मकराना राजस्थानातून. नावे गावांची आहेत आणि रंग चार आहेत. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने या चारही दगडांचा मुख्य घटक एकच आहे : कॅल्शियम कार्बोनेट.

मग फरक कशाचा? शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे चुनखडक आहेत, म्हणजे गाळापासून बनलेले स्तरित खडक. मकराना हा संगमरवर आहे, म्हणजे चुनखडकाचाच कायापालट होऊन बनलेला रूपांतरित खडक. शाळेच्या भूगोलात अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित अशी तीन नावे आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरून जातो. परंतु फरशी निवडताना, ती पुसताना आणि ताजमहालाच्या पिवळेपणाची बातमी वाचताना हाच विसरलेला धडा उपयोगी पडतो. म्हणूनच या दोन दगडांची तुलना थोडी सविस्तर करण्याजोगी आहे.

समुद्राच्या तळाशी

चुनखडकाचा जन्म बहुधा उथळ, उबदार समुद्रात होतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरून शंख-शिंपल्यांचे प्राणी, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव आपली कवचे तयार करतात. ते मेल्यावर कवचे तळाशी साचतात, फुटतात, त्यांचा चिखल होतो. काही वेळा पाण्याचे तापमान आणि रासायनिक स्थिती बदलल्याने कार्बोनेट थेट पाण्यातूनही खाली बसते. एका थरावर दुसरा थर चढतो. वरच्या थरांच्या भाराने खालच्या चिखलातील पाणी निघून जाते, कणांच्या मधल्या फटींत नवे कॅल्साइट भरते आणि चिखलाचा दगड होतो.

या जन्मकथेच्या खुणा चुनखडक अंगावर वागवतो. पहिली खूण थरांची. शहाबादच्या खाणीत दगड वहीच्या पानांसारखा एकावर एक रचलेला दिसतो. थरांच्या मधल्या सांध्यात पहार वा छिन्नी घातली, की सपाट लादी सुटून येते. यंत्राने कापण्याची सोय नव्हती त्या काळातही शहाबादी फरशी स्वस्तात मिळू शकली, ती या थरांमुळेच. दगडाला सपाट करण्याचे निम्मे काम समुद्राने आधीच करून ठेवले होते.

दुसरी खूण जीवाश्मांची. तमिळनाडूतील अरियलूरचे चुनखडक क्रिटेशस काळातील सागरी जीवांच्या अवशेषांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडांत न्युम्युलाइट नावाच्या, नाण्यासारख्या दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचे खच्चून भरलेली आहेत. शहाबादी फरशीत मात्र शंख शोधू नयेत. भीमेच्या खोऱ्यातील हा चुनखडक इतका जुना आहे, की त्या काळी कवचधारी प्राणीच पृथ्वीवर अवतरले नव्हते. राजस्थानातील कोट्याचा चुनखडक विंध्य खडकसमूहातला. तोही असाच पुरातन. म्हणजे चाळीतल्या ज्या फरशीवर आपण पाट मांडून जेवलो, ती पहिल्या शिंपल्याच्याही आधीची होती.

स्तरित खडक हा अशा रीतीने एक दप्तरखाना असतो. समुद्र किती खोल होता, पाणी खवळलेले होते की संथ, त्यात कोण राहत होते, गाळ कोठून येत होता, याची नोंद त्याच्या थरांत राहते. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने साध्या चुनखडकाचे मोल यातच आहे.

जमिनीच्या पोटात

आता हाच चुनखडक खोल गाडला गेला तर काय होईल? भूपट्ट एकमेकांवर आदळतात, पर्वत उभे राहतात आणि त्या उलथापालथीत काही थर कित्येक किलोमीटर खाली ढकलले जातात. खंडांच्या कवचात खोलीबरोबर तापमान साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. दहा-पंधरा किलोमीटर खाली तापमान तीन-चारशे अंशांवर जाते आणि वरच्या खडकांचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होतो. काही ठिकाणी इतके खोल जाण्याचीही गरज नसते. जवळून तप्त शिलारस वर घुसला, तर त्याच्या आचेनेही शेजारचा चुनखडक बदलतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रूपांतर म्हणजे वितळणे नव्हे. खडक वितळला आणि पुन्हा थिजला, तर तो अग्निजन्य ठरेल. रूपांतरात खडक घनच राहतो. पण त्याच्या कणांतील अणू हळूहळू जागा बदलतात. लहान, अस्ताव्यस्त कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी मोठे, एकमेकांत घट्ट बसलेले स्फटिक वाढतात. याला पुनःस्फटिकीभवन म्हणतात. शुद्ध चुनखडकाच्या बाबतीत नवे खनिजही तयार होत नाही. आधी कॅल्साइट होते, नंतरही कॅल्साइटच राहते. बदलते ती रचना. चिखलाच्या कणांची आणि शंखांच्या तुकड्यांची जागा साखरेच्या दाण्यांसारखे चमकणारे स्फटिक घेतात. तोच संगमरवर.

चुनखडकात अशुद्ध द्रव्ये असतील, तर कथा अधिक रंगतदार होते. चिखलातील मातीपासून अभ्रक तयार होते. मॅग्नेशियम आणि सिलिका यांच्या संयोगातून हिरवट खनिजे निर्माण होतात. जुन्या जीवांच्या अवशेषांतील कार्बनचे ग्रॅफाइट होते आणि दगडात राखाडी पट्टे उमटतात. संगमरवरातील ज्या रेघांवर आपण भाळतो, त्या म्हणजे मूळ समुद्रातील गाळाच्या वळ्या पडलेल्या आठवणी होत.

परंतु या घडामोडीत बरेच काही पुसलेही जाते. थर दुमडतात, अस्पष्ट होतात. जीवाश्म तर बहुधा साफ नाहीसे होतात. संगमरवर आपल्याला पर्वत कसा घडला, खडक किती खोल गेला आणि किती तापला हे सांगतो. समुद्रात कोण राहत होते हे सांगणे त्याला सहसा जमत नाही. देखणेपणाची ही किंमत त्याने मोजलेली असते.

भट्टीचे कोडे

येथे चौकस वाचकाला एक शंका यावी. चुनखडी भट्टीत भाजली, की तिचा चुना होतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जुन्या किल्ल्यांवर चुना मळण्याच्या घाणीचे दगडी चाक आजही पाहायला मिळते. साधारण ९०० अंशांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला, तर ५६ किलो चुना हाती येतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. मग जमिनीच्या पोटात भाजलेल्या चुनखडकाचा चुना का होत नाही? संगमरवर का होतो?

हा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खरोखरच वादाचा झाला होता. एडिंबरोचे जेम्स हटन यांनी पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णता खडक घडवते, असा सिद्धान्त मांडला. विरोधकांनी चुनखडकाकडेच बोट दाखवले : उष्णतेने तो घडला असता, तर त्यातील वायू निघून गेला असता. हटन यांचे उत्तर होते, की वरच्या भाराखाली वायूला निसटायला वाटच नसते. उत्तर तर्काला धरून होते. पुरावा मात्र नव्हता. प्रयोगशाळेतल्या लहानशा चुलीवरून पृथ्वीच्या प्रचंड व्यवहारांविषयी अनुमान काढणे हटन यांना मान्यही नव्हते.

त्यांचे तरुण स्नेही सर जेम्स हॉल यांचे मत वेगळे होते. हटन यांचे १७९७ मध्ये निधन झाल्यावर हॉल यांनी प्रयोगांना हात घातला. चुनखडकाची आणि खडूची पूड बंदुकीच्या नळ्यांत ठासून, तोंडे घट्ट बंद करून ते त्या भट्टीत तापवीत. नळ्या फुटत, वायू निसटे, प्रयोग वाया जाई. वर्षानुवर्षे, शेकडो वेळा त्यांनी हे केले. अखेर काही नळ्यांतून चुन्याऐवजी कठीण, स्फटिकमय, संगमरवरासारखा पदार्थ बाहेर आला. १८०५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले. दाबाखाली वायू कोंडलेला राहतो आणि म्हणून कार्बोनेट फुटत नाही, हे सिद्ध झाले. पुढे १८३३ मध्ये चार्ल्स लायेल यांनी अशा खडकांसाठी ‘रूपांतरित’ या अर्थाचे नाव रूढ केले.

थोडक्यात, आच दोन्हीकडे असते. उघड्यावर ती चुनखडकाला चुना करते आणि दाबाखाली संगमरवर. रूपांतरित खडकाचे सारे मर्म या एका वाक्यात आले.

ओळखायचे कसे?

चुनखडक आणि संगमरवर यांत भेद करण्यासाठी आम्लाची परीक्षा उपयोगी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, की दोन्ही दगड फसफसतात. कारण दोघांतही कॅल्साइटच आहे. काठिण्याची परीक्षाही फारशी कामाची नाही. मोहच्या काठिण्यश्रेणीत कॅल्साइटचा क्रमांक ३ आहे. लोखंडी खिळ्याने दोन्हींवर ओरखडा उठतो.

या परीक्षा कामाच्या आहेत त्या दोन्हींना ग्रॅनाइटपासून वेगळे काढण्यासाठी. ग्रॅनाइट फसफसत नाही आणि त्यातील गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, काठिण्य ७ असते. डोलोमाइट हा मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद मात्र मध्येच फसवतो. त्याची पूड केल्याशिवाय तो सौम्य आम्लात नीट फसफसत नाही. जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही काठांना जे पांढरेशुभ्र कडे दिसतात, ते अशाच मॅग्नेशियमयुक्त संगमरवराचे आहेत.

खरी ओळख नव्या फुटलेल्या तुकड्यावर पटते. तो उन्हात धरून हळूहळू फिरवावा. संगमरवर असेल, तर साखरेच्या खड्यासारखे लहान लहान सपाट पृष्ठभाग लुकलुकतात. चुनखडक असेल, तर तुकडा बहुधा निस्तेज, एकजीव, मातकट दिसतो. क्वचित शंखाची कड किंवा थरांची रेघ आढळते. भिंगातून पाहिले, तर हा भेद आणखी स्पष्ट होतो. पातळ तुकडा दिव्यासमोर धरला, तर शुभ्र संगमरवरातून उजेड किंचित झिरपतो. प्रकाश स्फटिकांत थोडा आत शिरतो, विखुरतो आणि परत येतो. संगमरवरी मूर्तीच्या त्वचेला जो सजीवपणा वाटतो, त्याचे भौतिक कारण हेच आहे.

दुकानातील नावे आणि खडकांची नावे

बाजार भूशास्त्राची परिभाषा पाळत नाही. दगडाच्या व्यापारात, चकाकी घेणाऱ्या बऱ्याच मऊ दगडांना सरसकट ‘मार्बल’ म्हटले जाते. ‘इटालियन मार्बल’ म्हणून शहरांत लोकप्रिय असलेला बदामी रंगाचा बोटिचिनो हा प्रत्यक्षात चुनखडक आहे. तो चांगली चकाकी घेतो, रोममधील व्हिक्टर इमॅन्युएलचे भव्य स्मारक त्याच दगडाचे आहे. पण तो रूपांतरित खडक नव्हे. उलट इटलीचाच कॅरारा हा खराखुरा संगमरवर आहे, आणि मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ त्यातूनच घडला. राजस्थानच्या केसरियाजी परिसरातून येणारा गडद ‘ग्रीन मार्बल’ हा तर चुनखडकाच्या घराण्यातलाच नाही. तो मुख्यतः सर्पेंटाइन या खनिजाचा खडक आहे.

यात फसवणूकच असते असे नाही. व्यापाऱ्याला चकाकीशी कर्तव्य असते आणि वैज्ञानिकाला जन्मकथेशी. मात्र गिऱ्हाइकाने पैसे मोजताना नावावर न जाता दगडावर जावे. तुटका तुकडा मागून घेतला, उन्हात पाहिला, लिंबाचा थेंब टाकून तासभर ठेवला, तर दगड आपले कूळ बरेचसे स्वतःच सांगतो.

टिकाऊपणाचा हिशेब

रूपांतर झाले म्हणजे दगड सर्वच बाबतींत श्रेष्ठ झाला, अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. संगमरवराचे स्फटिक परस्परांत गुंतलेले असल्याने त्यात फटी कमी असतात; चांगल्या प्रतीचा मकराना पाणी फार थोडे शोषतो. त्याला ठरावीक थर नसल्याने तो कोणत्याही दिशेने कोरता येतो. अबूच्या देलवाडा मंदिरांतील छताची जाळीदार नक्षी थरांनी सुटणाऱ्या दगडात निभावली नसती. उलट चुनखडक थरांच्या दिशेने सुटतो, हा शिल्पकाराच्या दृष्टीने दोष. तोच फरशी काढणाऱ्याच्या दृष्टीने गुण.

संगमरवराचे एक व्यंग मात्र फार उशिरा ध्यानात आले. कॅल्साइटचा स्फटिक तापला, की एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने किंचित आकुंचन पावतो. मोठ्या, एकमेकांना खेटलेल्या स्फटिकांत या ओढाताणीने सूक्ष्म फटी पडतात. जाड ठोकळ्यात हे जाणवत नाही. इमारतीला बाहेरून लावलेल्या पातळ तक्त्यांत जाणवते. अल्वार आल्टो यांनी रचलेल्या हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहाला १९७१ मध्ये कॅराराचे तक्ते लावले होते. काही वर्षांत ते बशीसारखे वाकले आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस बदलावे लागले. नवे तक्तेही कॅराराचेच निवडले गेले आणि तेही वाकले. शिकागोच्या अमोको इमारतीवरील सुमारे ४३ हजार संगमरवरी तक्ते काढून १९९० ते १९९२ या काळात तेथे ग्रॅनाइट बसवावा लागला.

आणि आम्लापुढे चुनखडक व संगमरवर दोघेही सारखेच दुबळे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांतले आम्ल कॅल्साइट खाते. ओट्यावर किंवा जमिनीवर उमटणारा तो ‘डाग’ पुष्कळदा डाग नसतोच. त्या जागेची चकाकी झिजलेली असते आणि म्हणून पुसून तो जात नाही. पुन्हा घासून चकाकी आणणे हाच त्यावर उपाय. संडास धुण्याचे आम्ल फरशीवर ओतणे म्हणजे तर दगड विरघळवून साफ करणे होय. या बाबतीत महाग मकराना आणि स्वस्त शहाबादी यांच्यात काडीचाही भेद नाही. पायांबरोबर घरात येणारी वाळू हा दुसरा शत्रू. तिच्यातील गारेचे कण काठिण्यात ७, दगड ३. मार्बलची जमीन वर्षा-दोन वर्षांत निस्तेज का होते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. साधा पाण्याचा पोछा, आम्ल नसलेला सौम्य साबण आणि दाराशी पायपुसणे एवढी काळजी दोन्ही दगडांना पुरते.

ताजमहालाचे दुखणे

घरातल्या ओट्यावर लिंबू जे करते, तेच आग्र्याच्या हवेने ताजमहालाला करू नये, यासाठी देशाला मोठा लढा द्यावा लागला. ताजमहाल हा आपल्या विषयाचा जणू पाठ्यग्रंथच आहे. मुख्य वास्तू विटांच्या गाभ्यावर मकरान्याच्या संगमरवराने मढवलेली; तिच्या दोहो अंगांच्या इमारती आणि प्रवेशद्वार लाल वालुकाश्माचे. एक रूपांतरित, दुसरा स्तरित. वालुकाश्माचे कण मुख्यतः गारेचे असल्याने आम्ल त्यांना सहज खात नाही. संगमरवराचे तसे नाही.

कोळसा आणि तेल जाळल्याने निघणारा सल्फर डायऑक्साइड हवेतील ओलाव्याशी मिसळून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. ते कॅल्साइटवर पडले, की पृष्ठभागाचे जिप्सम बनते. जिप्सम मऊ असते, काजळी व धूळ धरून ठेवते आणि कालांतराने खपली होऊन सुटते. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. परिसरातील २९२ उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे, अन्यथा तेथून स्थलांतर करावे, असा त्याचा आशय होता. पुढे २०१४ च्या अखेरीस भारतीय व अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ताजच्या पिवळसरपणामागे कचरा, लाकूडफाटा, गोवऱ्या व इंधने जळल्याने निघणारे कार्बनी कण आणि धूळ यांचाही मोठा वाटा असल्याचे दिसून आले. पुरातत्त्व खाते संगमरवरावर मुलतानी मातीचे लेप देते, ते ही काजळी शोषून घेण्यासाठी. तेथे आम्ल चालत नाही. दगडाच्या स्वभावाला मानवणारा उपायच करावा लागतो.

मकरान्याचा हा संगमरवर कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही लागला आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने त्याला जागतिक वारसा-दगडाचा मान दिला.

महाराष्ट्रातील नमुना

आपल्याकडे या साऱ्याचे उत्तम प्रात्यक्षिक पाहायचे, तर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जावे. सतराव्या शतकाच्या मध्यावर दिलरस बानू बेगमेच्या स्मरणार्थ बांधलेल्या बीबी का मकबऱ्याला ‘दख्खनचा ताज’ म्हणतात. त्यात खालचा पट्टा आणि घुमट संगमरवराचा आहे. मधला बराचसा भाग मात्र स्थानिक बेसॉल्टचा असून त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा चढवला आहे. कंजुषी म्हणून या बांधकामाची थट्टा केली जाते. दगडाच्या दृष्टीने पाहिले, तर येथे कॅल्शियम कार्बोनेटचे दोन्ही प्रवास शेजारी शेजारी उभे आहेत. संगमरवर दाबाखाली तापलेला. चुना उघड्या भट्टीत भाजलेला, पाण्यात विझवलेला, आणि भिंतीवर बसल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून परत कार्बोनेट झालेला. दोघांच्या मध्ये सह्याद्रीचा अग्निजन्य बेसॉल्ट.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला तर हे खडक जमिनीतच भेटतात. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत बेसॉल्टच्या पलीकडे जुना चुनखडक आहे. गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंट कारखाने त्यावरच चालतात. नागपूर-भंडारा भागातील सौसर खडकसमूहात मँगनीजबरोबर संगमरवरही आढळतो. सिमेंटसाठी चुनखडक लागतो तो प्रचंड प्रमाणात, आणि भट्टीत त्यातून सुटणारा वायू हवेत जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राने दगडात कोंडून ठेवलेला कार्बन आपण काही तासांत मोकळा करतो. इंधन बदलून हा वायू थांबत नाही, कारण तो इंधनाचा नसून दगडाचाच आहे. हवामानबदलाच्या चर्चेत सिमेंटचे नाव वारंवार येते, त्याचे मोठे कारण हेच.

चुनखडक आणि संगमरवर यांचे नाते इतरही जोड्यांना लागू पडते. वालुकाश्माचे रूपांतर क्वार्ट्झाइटमध्ये होते. चिखलाच्या खडकापासून पाटीचा दगड होतो, आणि दाब व उष्णता वाढत गेली, की त्याचीच पुढे अभ्रकाने चमकणारी सुभाजा बनते. पूर्वी शाळेत ज्या दगडी पाटीवर मुले बाराखडी गिरवीत, ती मूळची समुद्रतळाची मातीच होती. खडकांच्या जगात कोणतीही जात जन्मभराची नसते. आजचा संगमरवर उद्या उघडा पडेल, पावसात विरघळेल, नदीवाटे समुद्रात जाईल आणि एखाद्या शिंपल्याच्या कवचात पुन्हा स्थान मिळवील.

तेव्हा दोहोंत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे. चुनखडक समुद्राची नोंद जपतो, संगमरवर पर्वताची. एकाने आपल्याला फरशी, चुना आणि सिमेंट दिले. दुसऱ्याने देलवाडा आणि ताज. दोघेही मऊ आहेत, दोघांनाही आम्ल सोसत नाही, आणि दोघांच्याही खाणी एकदा रिकाम्या झाल्या, की माणसाच्या काळात पुन्हा भरणाऱ्या नाहीत. निदान आपल्या घरातील फरशीला तरी आम्लाच्या बाटलीपासून दूर ठेवावे, एवढे ज्ञान या तुलनेतून पदरात पडले, तरी पुष्कळ झाले.